आधी वारा, मग पेच

कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा भाग. तो असलेल्या गाडीचं आयडलिंग, म्हणजे उभ्या जागी इंजिनचं नुसतं चालणं, बिघडलं, की बॉनेट उघडून पहिला डिस्मिस (स्क्रूड्रायव्हर) लागतो तो मिक्श्चरच्या, म्हणजे त्या मिश्रणाचं प्रमाण बदलणाऱ्या पेचाला. पेच हाताशी असतो, फिरवला की इंजिनचा सूर लगेच बदलतो, आणि दोन दिवस गाडी बरी चालते. मग बाजारपेठेच्या गर्दीत थांबली की पुन्हा थरथरायला लागते, एखाद्या वळणावर बंद पडते, आणि पेच आणखी अर्धा फेरा बाहेर येतो. सिंधुदुर्गात मी अशा कितीतरी फियाट आणि मारुती पाहिल्यात. पेच सुटून पडायच्या बेतात, प्लग काजळीने काळे, ॲव्हरेज कोसळलेलं, आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे. कारण ते दुखणं पेट्रोलचं नसतंच. इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढत असतं.

मालक शेवटी कंटाळतो आणि भंगारवाल्याला फोन लावतो. इंजिनात अजून चांगला जीव असतो, खराब झालेलं असतं ते एखादं कागदी पॅकिंग किंवा वीतभर रबरी नळी. एवढ्याशा कारणापायी गाडी जाताना मला बघवत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझा जीव अडकलाय तो फियाटमध्ये, म्हणजे प्रीमियर पद्मिनीत. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून ही गाडी फियाट ११०० डिलाइट म्हणून काढली, १९७४ पासून ती पद्मिनी झाली. चार सिलिंडर, १०८९ सीसी. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला, पण खाजगी पद्मिन्या अजून आहेत. निवृत्त होऊन गावी परतलेल्या चाकरमान्यांनी काही इकडे आणल्या. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत कुठल्या ना कुठल्या पडवीत ताडपत्रीखाली एखादी दिसतेच. वर्षभर उभी, आणि गणपतीला घरची मंडळी आली की तिला चालू करायची घाई.

थोडं मूळ सांगायला हवं. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. ताकद काढायची तर मिश्रण थोडं रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, १२.५ ते १३ च्या आसपास. काटकसरीने चालवायचं तर थोडं लीन, म्हणजे हवा जास्त, १५.५ च्या पुढे. हे प्रमाण सांभाळायचं काम कार्ब्युरेटरचं. पण कार्ब्युरेटर हवा मोजतो ती फक्त स्वतःच्या गळ्यातून गेलेली. गळा अरुंद असतो तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो, आणि त्या उतरलेल्या दाबाच्या ओढीने जेटमधून, म्हणजे मापाच्या बारीक भोकातून, पेट्रोल वर येतं. जी हवा या गळ्यातून गेलीच नाही, मधल्याच एखाद्या फटीतून आत घुसली, तिचा कार्ब्युरेटरला पत्ताच नसतो. तिच्या वाट्याचं पेट्रोल कुणी देत नाही. शहाळं पिताना नळीला वर चीर गेलेली असेल तर तोंडात पाण्यापेक्षा हवाच जास्त येते, तसंच हे.

आता ही चोरटी हवा आयडलिंगलाच एवढी का छळते? गाडी नुसती उभी असताना थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारी हवेची झडप, जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन तर हवा मागतच असतात. त्यामुळे थ्रॉटलच्या आतल्या बाजूला निर्वात तयार होतो. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब साधारण ३० इंच पारा. धडधाकट इंजिनाला व्हॅक्युम गेज लावला तर काटा १७ ते २१ इंचांच्या दरम्यान स्थिर उभा राहतो. म्हणजे आत जेमतेम एक तृतीयांश दाब उरलेला असतो. एवढा फरक असला की फटीतून शिरणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोचते, आणि त्यापुढे निर्वात कितीही वाढला तरी ती वाढत नाही. तो सुस्स आवाज येतो तो यामुळेच. आयडलिंगला इंजिनची एकूण हवाच थोडी, म्हणून त्यात या फटीचा वाटा मोठा. रेस केली की गळ्यातून येणारी हवा कितीतरी पटीने वाढते, फटीची मात्र आहे तेवढीच राहते, किंबहुना थ्रॉटल सताड उघडला की कमीच होते. म्हणून हवा घेणारी गाडी उभ्या जागी धापा टाकते आणि महामार्गाला लागली की गुमान पळते. याच्या उलट, उभी असताना शांत पण कशेडीच्या चढावर दम तोडणारी गाडी असेल, तर फटी शोधत बसू नका. तिथे मेन जेट, फ्लोट, पेट्रोल पंप, फिल्टर यांच्याकडे बघायचं.

आणखी एक साधी खूण आहे. इंजिन गरम असताना एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरचं तोंड किंचित झाकायचं. हवा कमी झाल्यावर इंजिन सुधारलं, तर मिश्रण लीन आहे. आणखी बिघडलं, तर आधीच रिच आहे. बरेच जण यासाठी तळहात लावतात. मी लाकडी पट्टी वापरते, कारण लीन इंजिन कार्ब्युरेटरमधून उलटा फटका मारतं आणि तो आगीचा असतो.

कोकणात ही दुखणी जास्त का, याची कारणं आपल्या हवेतच आहेत. खारा वारा आणि वर्षातले चार महिने कोंदट ओल. ओतीव धातूच्या अंगावर पांढरी भुकटी धरते, पॅकिंग ओल पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, रबर कडक होऊन तडकतं. नळीची चीर वरून सहसा दिसत नाही. ती बहुधा असते टोकाला, जिथे नळी निपलवर चढवलेली असते तिथे, आणि तीही खालच्या अंगाला. नळी बोटांनी दुमडून बघितल्याशिवाय ती सापडत नाही. शिवाय उंदीर. भाताची कापणी झाली की ते पडवीत येतात आणि बॉनेटखाली बिऱ्हाड थाटतात. आणि जांभ्याची लाल धूळ, जी चिरेखाणीच्या रस्त्याला राहणाऱ्या माणसाला वेगळी सांगायला नको. ती एअर फिल्टरमधून थोडी का होईना निसटते. आयडलिंगला पेट्रोल पुरवणाऱ्या पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यात एक कण अडकला की आयडलिंग गेलंच.

कुंभारीण माशी तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ही माशी चिखलाचे गोळे आणून मिळेल त्या भोकात घर बांधते. पेट्रोलच्या टाकीला हवा आत जायला बारीक नळी असते, तिचं तोंड या माशीला फार आवडतं. ते बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो, पेट्रोल पुढे यायचं थांबतं, आणि गाडी थोडं अंतर जाऊन बंद पडते. थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा चालू. माणसं कॉइल बदलतात, पंप बदलतात. अशी गाडी बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत शिरली, तर माशीने घर बांधलंय.

हवा शोधायची कशी, हे मी कुडाळच्या बाजूला एका मेस्त्रींकडे शिकले. महामार्गाला लागून पत्र्याची शेड, पुढ्यात फणस, आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली हातभर रबरी नळी. बाकीची हत्यारं पेटीत, ही कायम बाहेर. आमची फियाट तेव्हा आयडलिंगला थरथरत होती. मी विचारलं, "मेस्त्रीनू, मिक्श्चर कधी लावूया?" ते म्हणाले, "सगळ्यात शेवटाक. आधी वारो खयसून घेता ता बघ गो. पेच खय पळान जाता?"

त्यांनी इंजिन चालू ठेवलं, नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक सांध्यासांध्यावरून फिरवू लागले. घाई नाही. प्रत्येक जागी थांबून ऐकायचं. मग नळी माझ्या हातात दिली. मी ओढणी कमरेला घट्ट खोचून वाकले, कारण पंखा आणि पट्टा तिथून फार लांब नसतात. एरवी इंजिनच्या खडखडाटात काही कळत नाही, पण नळी कानाला लागली की प्रत्येक जागेचा आवाज वेगळा येतो. टॅपेटची टिकटिक, पंपाचा ठोका. कार्ब्युरेटरच्या पायाला काही नव्हतं. थोडं वर, थ्रॉटलचा शाफ्ट अंगातून बाहेर येतो तिथे नळी गेली आणि कानात बारीक शीळ घुसली. दुसऱ्या बाजूला तीच शीळ, जरा हलकी.

मेस्त्रींनी काडीच्या टोकावर घट्ट ग्रीस घेतलं आणि शाफ्टच्या भोवती थापलं. शीळ थांबली. इंजिनची थरथरही थांबली, आणि आयडलिंगचा वेग बदलला. क्षणभरच, कारण ग्रीस आत ओढलं गेलं आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं झालं. पण तेवढा पुरावा पुरे होता. इंजिन बंद करून त्यांनी मला शाफ्टचं टोक चिमटीत धरून वरखाली हलवायला सांगितलं. तो हलत होता, स्पष्ट हलत होता. ॲक्सिलरेटरचा दांडा वर्षानुवर्षं एकाच दिशेला ओढतो, वरून धूळ आणि तेल मिळून घासत राहतं, आणि गोल भोक लांबट होतं. "पेच फिरवून दुखणा जायत नाय," मेस्त्री म्हणाले, "दडान रवता."

त्याची दुरुस्ती लेथवर होते. भोक सरळ मोठं करून पितळी बुश बसवायचे आणि शाफ्ट नवा टाकायचा. एक बारकावा इथे सांगून ठेवते, कारण तो चुकला तर इंजिन हातचं जातं. थ्रॉटलची पाकळी शाफ्टला दोन बारीक स्क्रूंनी धरलेली असते आणि त्या स्क्रूंची टोकं मागून ठोकून पसरवलेली असतात, सैल होऊ नयेत म्हणून. ते तसेच उलटे फिरवले तर शाफ्टचे आटे जातात, म्हणून पसरलेला भाग आधी कानसून काढायचा. बसवताना स्क्रू नवे वापरायचे, पाकळी पूर्ण बंद करून तिला आपोआप मधोमध बसू द्यायचं, मग आवळायचं, आणि टोकं पुन्हा पसरवायची. हे शेवटचं काम विसरलं की स्क्रू कधीतरी सुटून सरळ सिलिंडरमध्ये जातो.

शाफ्ट हे एक ठिकाण झालं. नेहमीची बाकीची म्हणजे कार्ब्युरेटरच्या पायाचं पॅकिंग, त्याखालचा उष्णता अडवणारा जाड तुकडा, सिलिंडरांना मिश्रण वाटणाऱ्या मॅनिफोल्डचं पॅकिंग, क्रँककेसच्या श्वासाची नळी, आणि ब्रेक बूस्टर असेल तर त्याची जाड नळी. प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला व्हॅक्युमचा डबा असेल तर त्याची नळी काढून तोंडाने ओढायची आणि जिभेने तोंड बंद करायचं. जीभ चिकटून राहिली तर पडदा शाबूत. हवा येतच राहिली तर फाटलाय. मॅनिफोल्डची गळती बहुधा एकाच पोर्टापाशी, म्हणजे एकाच सिलिंडरच्या तोंडापाशी असते. तेव्हा चारही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवायचे. तीन कॉफीच्या रंगाचे आणि एक पांढराफटक असेल, तर त्या पांढऱ्याच्या सिलिंडरपाशी शोधायचं. मिक्श्चरच चुकलेलं असतं तर चारही सारखेच दिसले असते.

पायाच्या पॅकिंगबद्दल मला जरा कळवळून सांगायचंय. हवा घेते म्हटल्यावर माणसं तिथले नट आणखी आवळतात. ओतीव धातूचे कान त्याने वाकतात, मधला भाग उचलला जातो, आणि फट आधीपेक्षा मोठी होते. कार्ब्युरेटरचा तळ काचेवर ठेवून बघा. डुलतो का, मध्ये उजेड दिसतो का. दिसला तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, थेंबभर तेल टाकून, आठच्या आकड्यात घासायचा, सपाट होईपर्यंत. आणि कृपा करून तिथे सिलिकॉन भरू नका. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं, त्याचे तुकडे सुटतात आणि भलत्या ठिकाणी जाऊन बसतात.

गळती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर शिंपडणारे मी पाहिलेत. फटीतून ते आत गेलं की इंजिनचा वेग बदलतो, पद्धत खरी आहे. पण तिथेच तापलेला सायलेन्सरचा पाइप असतो आणि डिस्ट्रिब्यूटरमध्ये ठिणग्या उडत असतात. उदबत्तीचा धूर कुठे ओढला जातो ते बघणं ही त्याचीच धाकटी बहीण. दोन्ही नकोत. तेच काम साबणाचं पाणी करतं. लहान ब्रशने सांध्यावर लावायचं, डिस्ट्रिब्यूटर आणि वायरी वाचवून. फट असेल तिथे पाणी ओढलं जातं आणि आवाज पळभर बुजतो.

पीयूसीची चिठ्ठीही बघायला शिका. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या पेट्रोलच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम. गाडी पास झाली की आपण चिठ्ठी काचेमागे ठेवून मोकळे होतो. पण मोनॉक्साइड एकदम कमी आणि हायड्रोकार्बन वर चढलेलं असेल, तर मिश्रण इतकं लीन आहे की मध्येच पेटायचं चुकतंय आणि न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर पडतंय. दोन्ही आकडे वर असतील तर रिच.

फटी बुजल्या, पॉइंटचा गॅप, टायमिंग आणि टॅपेट बघून झाले, की मग पेच. इंजिन पूर्ण गरम हवं, म्हणजे चांगली दहा-बारा किलोमीटर चालवून आणलेली गाडी. सोलेक्ससारख्या कार्ब्युरेटरवर मिक्श्चरचा पेच आत घेतला की लीन, बाहेर काढला की रिच. बऱ्याच मोटारसायकलींचा पेच पेट्रोलऐवजी हवा सोडतो, तिथे हे बरोबर उलटं, हे लक्षात ठेवा. पेच हलक्या हाताने बसेपर्यंत आत न्यायचा. आवळायचा नाही, सुईच्या टोकाला कंगोरा पडला की ती कायमची गेली. मग दीड ते दोन फेरे बाहेर. आता इंजिन चालू करून पाव-पाव फेरा फिरवत वेग सर्वांत जास्त कुठे होतो ते शोधायचं, दुसऱ्या स्क्रूने आयडलिंग पुन्हा खाली आणायचं, आणि हे आलटून पालटून करत राहायचं. शेवटी पेच किंचित आत, वेग जरासा उतरेल इतपत. प्रत्येक बदलानंतर इंजिनला स्थिर व्हायला थोडा वेळ द्यायचा. पेच फिरवूनही काहीच फरक पडत नसेल, तर पायलट जेट बुजलाय, नाहीतर फट अजून आहे, किंवा थ्रॉटल इतका उघडा ठेवलाय की पेचाचं चालेनासं झालंय.

कोल्हापूरला ट्यून केलेली गाडी मालवणात जरा लीन चालते, ही तक्रार खरी आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच. तिथली हवा विरळ, खाली आलं की घट्ट. मिश्रणात फरक पडतो तो तीनेक टक्क्यांचा. धडधाकट गाडीला तो जाणवतही नाही. मात्र आधीच हवा घेणारी गाडी आंबोली उतरून आली की लगेच रडायला लागते. आपल्या दमट हवेत वाफेने प्राणवायूची थोडी जागा अडवलेली असते, त्यामुळे मिश्रण किंचित रिच होतं, पण तोही फरक तेवढाच लहान.

यापेक्षा मोठा बदल पंपावर झालाय. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते, नुसत्या इथेनॉलला एकास ९. त्यामुळे ई-२० ला १४.७ च्या जागी साधारण १३.५ पुरते. साध्या पेट्रोलसाठी जेट बसवलेली जुनी गाडी या इंधनावर सात-आठ टक्के लीन चालते, कुठेही फट नसताना. आयडलिंगचा पेच थोडा बाहेर काढून उभी गाडी सुधारेल, पण पळताना पेट्रोल मेन जेटमधून येतं, त्याला हा पेच काहीच करू शकत नाही. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० च्या जागी १२५ लावला तर क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. हा नुसता हिशेब झाला. खरं काय ते प्लगचा रंग बघूनच ठरवायचं, आणि एका वेळी एकच नंबर बदलायचा. लीन चाललेलं इंजिन तापतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात, म्हणून हे टाळू नये.

आणि इथेनॉल पाणी पितं. आपल्याकडे जूनपासून हवाच पाणी असते. अर्धी टाकी ठेवून गाडी चार महिने उभी केली, तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसू शकतं, आणि पहिली सेल मारली की नेमकं तेच कार्ब्युरेटरमध्ये येतं. टाकी काठोकाठ भरून ठेवा किंवा पूर्ण रिकामी करा. फ्लोटची वाटी, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठायची जागा, मात्र कोरडीच हवी. रबरी नळ्या बदलताना इथेनॉल सोसणाऱ्याच मागा. जुन्या साठ्यातली नळी स्वस्त मिळते, पण आतून मऊ होऊन सुटते.

येत्या रविवारी वेंगुर्ल्याला एक कार्ब्युरेटरची मारुती ८०० बघायला जाणार आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. तीनातल्या एकाने जरी दगा दिला तरी अख्खी गाडी हलते. या गाडीच्या बॉनेटखाली बारीक नळ्यांचं रान असतं आणि चीर त्यातल्या कुठल्याही एका नळीत असू शकते. मालक शिक्षक आहेत, गाडी त्यांच्या वडिलांची. सगळ्या नळ्या एकदम काढून नव्या टाकूया का, असं त्यांनी फोनवर विचारलं. मी त्यांना आधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवायला सांगितलंय, कोणती नळी कुठून कुठे जाते ते नीट दिसेल असे. नवी नळी पाच मीटर कणकवलीहून मागवली आहे. एक काढायची, तिच्याच मापाची कापायची, लगेच बसवायची, इंजिन चालू करून ऐकायचं, आणि मगच पुढची.